रेणूचा सैल बोल्ट आणि प्रकाशाचे आयुष्य

जर्मन रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ साली दोन रंगद्रव्ये तयार केली. त्यांपैकी एक फिनॉल्फ्थेलिन. अल्कलीचा थेंब पडताच गुलाबी होणारे हे द्रव्य विज्ञान शाखेच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत हाताळलेले असते. दुसरे फ्लुओरेसिन. बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर ओरखडा आहे काय, हे तपासण्यासाठी नेत्रतज्ज्ञ जे पिवळे द्रव्य डोळ्यात घालतात आणि निळ्या उजेडात जे हिरवेगार झळाळते, ते हेच. या दोन्ही रेणूंची घडण विलक्षण सारखी आहे. ठळक फरक एवढाच, की फ्लुओरेसिनमधील दोन कड्यांना ऑक्सिजनच्या एका अणूचा पूल जोडून धरतो. फिनॉल्फ्थेलिनमध्ये हा पूल नाही. तरीही एक रेणू तेजाने झळाळतो आणि दुसरा प्रकाश शोषून जवळपास गप्प बसतो.

या कोड्याचे उत्तर १९३९ साली गिल्बर्ट लुईस आणि मेल्विन कॅल्विन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एका यंत्रशाळेतल्या उपमेने दिले. यंत्रात एखादा बोल्ट सैल असेल, तर यंत्राची शक्ती खडखडाटात वाया जाते. रेणूचेही तसेच. त्याचा एखादा भाग सैल असेल, तर शोषलेली प्रकाशऊर्जा त्या भागाच्या हालचालीत खर्च होते आणि प्रकाशरूपाने बाहेर पडायला काही उरतच नाही. ऑक्सिजनच्या पुलाने फ्लुओरेसिनचा बोल्ट घट्ट आवळलेला आहे, फिनॉल्फ्थेलिनचा सैल आहे.

ही उपमा आता जुनी झाली असली, तरी तिच्यातला विचार आजही उपयोगी पडतो. अल्झायमरच्या संशोधनात वापरले जाणारे रंगद्रव्य, रक्तातील औषधाची मात्रा मोजणारी चाचणी, ज्वालेच्या आतील रसायनांचा शोध आणि उन्हात आपली जनुके सुरक्षित कशी राहतात याचे स्पष्टीकरण, या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू त्या अवस्थेत किती काळ टिकतो आणि त्याच्या थरथरण्या-फिरण्याने हा काळ कसा बदलतो?

दोन तोट्यांची टाकी

रेणूवर योग्य रंगाचा प्रकाश पडला, की त्यातील एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. यालाच रेणूची उत्तेजित अवस्था म्हणतात. ही अवस्था टिकाऊ नसते. रेणूला मूळ स्थितीत परत यावेच लागते आणि त्यासाठी त्याच्यापुढे ढोबळमानाने दोन मार्ग असतात. एक म्हणजे ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकणे. अशा झळाळीला फ्लुओरेसन्स म्हणतात. दुसरा म्हणजे ती ऊर्जा अणूंच्या हालचालीत, म्हणजे अखेर उष्णतेत, जिरवून टाकणे.

तळाशी दोन तोट्या असलेली पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणावी. एका तोटीतून प्रकाश वाहतो, दुसरीतून उष्णता. टाकी रिकामी व्हायला लागणारा वेळ म्हणजे उत्तेजित अवस्थेचे आयुर्मान. दुसरी तोटी बंद असेल, तर टाकी सावकाश रिकामी होईल आणि सगळे पाणी प्रकाशाच्या तोटीतूनच जाईल. दुसरी तोटी सताड उघडी असेल, तर टाकी क्षणात रिती होईल आणि प्रकाशाच्या वाट्याला चार थेंबही येणार नाहीत. म्हणूनच आयुर्मान आणि झळाळी यांची सांगड असते.

हे कालखंड फारच लहान असतात. चांगल्या झळाळणाऱ्या रंगद्रव्यांचे आयुर्मान काही नॅनोसेकंद असते. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. फ्लुओरेसिनचे आयुर्मान पाण्यात सुमारे ४ नॅनोसेकंद आहे आणि तेवढ्या वेळात प्रकाश हवेतून जेमतेम सव्वा मीटर पुढे जातो. रेणूच्या हालचाली याहूनही वेगवान असतात. त्या पिकोसेकंदात, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागात, किंवा त्याच्याही हजाराव्या भागात, म्हणजे फेम्टोसेकंदात मोजाव्या लागतात. समजा, प्रकाशाच्या तोटीने टाकी रिकामी व्हायला ५ नॅनोसेकंद लागतात आणि हालचालीच्या तोटीने १ पिकोसेकंद. मग प्रकाश शोषणाऱ्या दर पाच हजार रेणूंमागे केवळ एकच रेणू झळाळेल. बाकीचे सगळे मुकाट्याने तापून थंड होतील.

एवढे अल्प कालखंड मोजायचे कसे? त्यासाठी रूढ झालेली एक पद्धत समजायला सोपी आहे. लेसरचा अत्यंत आखूड झोत नमुन्यावर टाकायचा आणि नमुन्यातून आलेला प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, संवेदकावर किती वेळाने पोहोचला, याची नोंद घ्यायची. हेच लाखो वेळा करायचे. या नोंदींचा आलेख काढला, की रेणूंचे सरासरी आयुर्मान कळते. आयुर्मान फारच कमी, म्हणजे पिकोसेकंदाच्या आतले असेल, तर संवेदकही अपुरे पडतात. तेथे एका झोताने रेणू उत्तेजित करून दुसऱ्या, किंचित उशिरा आलेल्या झोताने त्याची अवस्था तपासावी लागते. या तंत्राच्या बळावर रासायनिक बदल घडत असतानाच टिपणारे अहमद झेवैल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रेणूच्या हालचाली तीन प्रकारच्या असतात. पहिली, बंधांचे ताणले-आकसले जाणे आणि वाकणे, म्हणजेच कंपन. दुसरी, रेणूचा एखादा भाग एका बंधाभोवती पिळला जाणे. तिसरी, संपूर्ण रेणूचे स्वतःभोवती फिरणे, म्हणजे परिभ्रमण. उत्तेजित अवस्थेच्या आयुर्मानाशी या तिघींचे नाते वेगवेगळे आहे.

डांबरगोळी आणि जड हायड्रोजन

कंपनाचा परिणाम सर्वांत स्वच्छ दिसतो, तो कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्यांतील नॅप्थालिनमध्ये. नॅप्थालिन दुसऱ्या एखाद्या द्रावणात विरघळवून द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला गोठविले आणि त्यावर अतिनील प्रकाश टाकला, तर दिवा बंद केल्यावरही ते काही क्षण मंद उजेड देत राहते. या दीर्घजीवी झळाळीला फॉस्फरेसन्स म्हणतात. नेहमीच्या नॅप्थालिनमध्ये तिचे आयुर्मान दोन-अडीच सेकंदांचे असते.

शिकागो विद्यापीठातील क्लाइड हचिसन आणि बिली मँगम यांनी १९६० साली या रेणूतील सगळे हायड्रोजन काढून त्यांच्या जागी ड्यूटेरियम बसविले. ड्यूटेरियम हा हायड्रोजनचाच दुप्पट वजनाचा भाऊ. रासायनिकदृष्ट्या रेणू तोच राहिला, इलेक्ट्रॉनांची मांडणीही तीच राहिली. बदलले ते केवळ वजन. पण झळाळीचे आयुर्मान सतरा सेकंदांच्या घरात गेले.

याचे कारण जिन्याच्या उदाहरणाने समजते. उत्तेजित रेणूला ठरावीक उंची उतरून खाली यायचे असते. प्रकाश न देता उतरायचे, तर ती सगळी ऊर्जा कंपनांच्या पायऱ्यांत बसवावी लागते. कार्बन-हायड्रोजन बंध हलक्या स्प्रिंगप्रमाणे वेगाने थरथरतो. त्याची एकेक पायरी उंच असते. नॅप्थालिनला अशा साधारण सात पायऱ्या पुरतात. ड्यूटेरियम जड असल्याने कंपन मंदावते, पायरी बुटकी होते आणि तेवढीच उंची उतरायला नऊ-दहा पायऱ्या लागतात. एकाच वेळी जितक्या जास्त पायऱ्या उतराव्या लागतील, तितके ते घडणे दुरापास्त. त्यामुळे उष्णतेची तोटी आवळली जाते आणि आयुर्मान वाढते. १९७० साली रॉबर्ट एंगलमन आणि जोशुआ जॉर्टनर यांनी याला गणिती रूप दिले. ऊर्जेतील अंतर जितके मोठे, तितका उष्णतेचा मार्ग झपाट्याने बंद होतो, असे हा नियम सांगतो.

याच तत्त्वाचा एक व्यवहारी उपयोग युरोपियम या धातूच्या बाबतीत होतो. युरोपियमचा विद्युतभारित अणू लाल उजेड देतो. तो साध्या पाण्यात असताना उत्तेजित अवस्था सुमारे ०.११ मिलिसेकंद टिकते. जड पाण्यात, म्हणजे ड्यूटेरियमच्या पाण्यात, ती सुमारे ४ मिलिसेकंद टिकते. साध्या पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध युरोपियमची ऊर्जा तीन-चार पायऱ्यांतच गिळून टाकतो, जड पाण्याला पाच पायऱ्या लागतात. या दोन आकड्यांवरून युरोपियमला पाण्याचे किती रेणू बिलगले आहेत, हे मोजता येते, असे विल्यम हॉरॉक्स आणि डॅनियल सुडनिक यांनी १९७९ साली दाखवून दिले. दोन्ही आयुर्मानांचे व्यस्त घ्यायचे, वजाबाकी करायची आणि येणाऱ्या आकड्याला सुमारे १.०५ ने गुणायचे. वरील आकड्यांनी उत्तर नऊच्या आसपास येते. कॅल्शियमचे अणू धरून ठेवणाऱ्या प्रथिनांत युरोपियम बसवून, त्या जागेपर्यंत पाणी पोहोचते की नाही, हेही याच रीतीने तपासता येते. असे जड पाणी महाराष्ट्रातही तयार होते. रायगड जिल्ह्यातील थळ येथील प्रकल्प मुख्यतः अणुभट्ट्यांसाठी ते बनवितो.

पीळ बसला, की उजेड विझला

कंपन ही तुलनेने किरकोळ गळती म्हणावी, इतकी मोठी गळती पिळण्याने होते. कपड्यांना शुभ्रता देण्यासाठी धुण्याच्या पावडरींत जी द्रव्ये घालतात, त्यांतील बरीचशी स्टिल्बिन या रेणूच्या कुटुंबातील असतात. अदृश्य अतिनील किरण शोषून ती निळसर उजेड देतात आणि पिवळट पडलेला कपडा पांढराशुभ्र भासतो. खुद्द स्टिल्बिन मात्र पातळ द्रावणात फारसे झळाळत नाही. त्याचे आयुर्मान तेथे शंभर पिकोसेकंदांहूनही कमी असते. रेणूच्या मध्यभागी असलेला दुहेरी बंध एरवी ताठ असतो. प्रकाश शोषताच तो ढिला पडतो, रेणू त्याच्याभोवती पिळला जातो आणि त्या मार्गाने ऊर्जा निसटते. तोच रेणू गोठलेल्या, काचेसारख्या माध्यमात अडकविला, तर पिळायला जागाच उरत नाही आणि तो चांगला झळाळू लागतो.

झेवैल यांच्या कॅल्टेकमधील गटाने १९८० च्या दशकात स्टिल्बिनचे रेणू निर्वातात एकेकटे व अतिथंड करून त्यांना मोजूनमापून ऊर्जा दिली. कंपनाची जादा ऊर्जा नसताना रेणू सुमारे २.७ नॅनोसेकंद टिकत होता. ऊर्जा थोडी वाढविली, तरी फार फरक पडत नव्हता. पण एका ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच आयुर्मान झपाट्याने घसरू लागले. पिळण्याच्या वाटेवर ऊर्जेचा एक छोटा उंबरठा आहे आणि कंपनाच्या ऊर्जेने तो ओलांडला जातो, हे या प्रयोगांतून स्पष्ट झाले. कंपन आणि पीळ या दोन वेगळ्या गोष्टी नसून पहिली दुसरीला वाट करून देते, असे म्हणता येईल.

रेणूला पिळण्यासाठी भोवतालचे द्रव बाजूला सारावे लागते. द्रव जितके दाट, तितके पिळणे अवघड. मधात चमचा फिरविणे आणि पाण्यात फिरविणे यांत जो फरक, तोच येथेही. थिओडोर फोर्स्टर आणि हॉफमन यांनी १९७१ साली झळाळी आणि द्रवाचा दाटपणा यांतील नाते सूत्रात बसविले. त्यातून अशा रेणूंना सूक्ष्म दाटपणामापक म्हणून वापरण्याचा मार्ग खुला झाला. या रेणूंना शास्त्रज्ञ 'मॉलिक्युलर रोटर' म्हणतात.

जिवंत पेशीचा आतील दाटपणा मोजायला एरवी कोणते उपकरण आत घालणार? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील मरीना कुइमोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली असाच एक रोटर पेशींत सोडला आणि त्याच्या आयुर्मानाचा नकाशा सूक्ष्मदर्शकाखाली तयार केला. येथे झळाळीची तीव्रता न मोजता आयुर्मान मोजण्याला कारण आहे. तीव्रता रंगद्रव्य किती जमा झाले यावरही अवलंबून असते. आयुर्मानाला द्रव्याच्या मात्रेशी कर्तव्य नसते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कामात, प्रकाशाच्या साहाय्याने कर्करोगाच्या पेशी मारताना त्यांच्या आतील दाटपणा कसा वाढत जातो, हेही अशाच मोजमापातून टिपण्यात आले.

अल्झायमरच्या मागावर

या तत्त्वाचा वैद्यकीय संशोधनातील सर्वाधिक परिचित उपयोग म्हणजे थायोफ्लेविन-टी हे पिवळे रंगद्रव्य. अल्झायमर, पार्किन्सन अशा आजारांत काही प्रथिने आपली नेहमीची घडी मोडून एकमेकांना चिकटतात आणि लांब, ताठ तंतू बनवितात. त्यांना अॅमिलॉइड म्हणतात. थायोफ्लेविन-टीचा रेणू दोन भागांचा असून ते एकेरी बंधाने जोडलेले आहेत. पाण्यात असताना हे दोन भाग एकमेकांच्या संदर्भात झटकन पिळले जातात आणि उत्तेजित अवस्था सुमारे एका पिकोसेकंदात संपते. द्रावण जवळजवळ अंधारेच राहते. मात्र हा रेणू अॅमिलॉइडच्या तंतूवरील खाचेत जाऊन बसला, की त्याला हलायला जागा राहत नाही. आयुर्मान नॅनोसेकंदाच्या पातळीवर पोहोचते आणि तंतू हिरवट उजेडात दिसू लागतात.

प्रथिनांचे तंतू केव्हा बनू लागतात आणि एखादे नवे औषध ती प्रक्रिया रोखते काय, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळांत हे रंगद्रव्य नित्याचे झाले आहे. क्रॉइट्सफेल्ड-याकोब या मेंदूच्या दुर्मीळ व जीवघेण्या आजाराच्या निदानासाठी पाठीच्या कण्यातील द्रवाची जी चाचणी आज केली जाते, तिच्यातही विकृत प्रथिनांची वाढ थायोफ्लेविन-टीच्या उजेडावरूनच ओळखली जाते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या रेणूच्या पिळण्याचा अतिवेगवान लेसरच्या साहाय्याने अभ्यास केला असून, अॅमिलॉइड तंतूत बसल्यावर त्याचा पीळ कसा मंदावतो, यावरील त्यांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले.

निसर्गानेही हीच युक्ती वापरली आहे. जेलीफिशमधील हिरव्या झळाळीच्या प्रथिनाच्या शोधासाठी आणि विकासासाठी २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल ओसामू शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देण्यात आले. या प्रथिनाच्या पोटात असलेला रंगकण एकटा काढून पाण्यात ठेवला, तर तो पिळला जाऊन लगेच विझतो. प्रथिनाने पिंपासारख्या वेष्टनात त्याला घट्ट धरले, की तो सुमारे तीन नॅनोसेकंद टिकतो आणि जगभरच्या प्रयोगशाळांतील पेशी उजळवितो.

२००१ साली हाँगकाँगमध्ये बेन झोंग टँग यांच्या गटाला उलट दिशेने तोच धडा मिळाला. रंगद्रव्याचे रेणू दाटीवाटीने एकत्र आले, की त्यांची झळाळी मंदावते, असा सर्वसाधारण अनुभव. टँग यांच्या हाती लागलेले द्रव्य मात्र विरघळलेले असताना अंधारे आणि गोळा झाल्यावर तेजस्वी होते. पंख्याच्या पात्यांसारख्या त्याच्या कड्या सुट्या रेणूत फिरत राहतात. गर्दीत त्या एकमेकांत अडकतात आणि हालचालीची तोटी बंद होते.

फिरणाऱ्या रेणूचे घड्याळ

संपूर्ण रेणूच्या परिभ्रमणाचा हिशेब निराळा आहे. द्रवात एखादा ताठ रेणू नुसता स्वतःभोवती फिरला, तर त्याच्या उत्तेजित अवस्थेचे आयुर्मान फारसे बदलत नाही. पण त्या आयुर्मानाचा घड्याळासारखा वापर करून रेणू किती वेगाने फिरतो, हे कळते. फ्रान्सिस पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२६ साली याचे सूत्र मांडले. एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवीकृत, प्रकाश टाकला, तर विशिष्ट दिशेला तोंड असलेले रेणूच प्रामुख्याने उत्तेजित होतात. झळाळण्यापूर्वी ते फिरून गेले, तर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची दिशा विस्कटते. फिरले नाहीत, तर ती टिकून राहते.

पाण्यात सुटे असलेले फ्लुओरेसिन चार नॅनोसेकंदांच्या आयुष्यात अनेकदा दिशा बदलते. तेच एखाद्या अवजड प्रतिपिंडाला चिकटले, तर तेवढ्या वेळात ते नाममात्रच वळते. अपस्माराच्या औषधांसारखी जी औषधे कमी पडली तर उपयोगी नाहीत आणि जास्त झाली तर घातक ठरतात, त्यांची रक्तातील मात्रा मोजण्यासाठी १९८० च्या दशकापासून या गुणधर्माचा वापर झाला. रुग्णाच्या रक्तातील औषध आणि फ्लुओरेसिन जोडलेले औषध यांच्यात प्रतिपिंडावरील जागेसाठी स्पर्धा लावायची. रक्तात औषध जितके जास्त, तितके फ्लुओरेसिनवाले रेणू मोकळे राहतात, वेगाने फिरतात आणि प्रकाशाची दिशा विस्कटते. त्यावरून मात्रा कळते.

वायुरूपातील लहान रेणूंमध्ये मात्र परिभ्रमणाचा आयुर्मानावर थेट परिणाम होतो. तेथे रेणू कोणत्याही वेगाने फिरू शकत नाही. पुंजयामिकीच्या नियमांनुसार त्याला ठरावीक पातळ्यांतूनच निवड करावी लागते. फॉर्माल्डिहाइडच्या एकेका पातळीचे आयुर्मान १९७० च्या दशकाच्या अखेरीस वेगवेगळे मोजण्यात आले, तेव्हा शेजारशेजारच्या परिभ्रमण पातळ्यांतही प्रचंड तफावत आढळली. काही पातळ्या काही दशक नॅनोसेकंदांतच संपत होत्या, तर काही मायक्रोसेकंदांपर्यंत तग धरून होत्या. ऊर्जेच्या बाबतीत जवळपास जुळणारी दुसरी पातळी एखादीला शेजारीच सापडते, एखादीला नाही. फिरण्याचा वेग किंचित बदलला, की हे जुळणेही बदलते.

घरातील गॅसच्या शेगडीच्या ज्वालेत हायड्रॉक्सिल हा ऑक्सिजन व हायड्रोजनच्या प्रत्येकी एका अणूचा रेणू सतत तयार होत असतो. त्याची झळाळी अतिनील असल्याने डोळ्यांना दिसत नाही. उत्तेजित हायड्रॉक्सिल कंपनाच्या तळाच्या पातळीवर असेल, तर त्याचे स्वाभाविक आयुर्मान सुमारे ७०० नॅनोसेकंद असते. तिसऱ्या कंपनपातळीवर मात्र ते एका नॅनोसेकंदाहूनही कमी होते, कारण तेथे रेणू प्रकाश देण्याआधीच फुटतो. तळाच्या कंपनपातळीवरील रेणूही फारच वेगाने फिरत असेल, तर त्यालाही फुटण्याची वाट मोकळी होते. एकाच रेणूत कंपन आणि परिभ्रमण हे दोन्ही आयुष्य कमी करताना दिसतात.

ज्वालांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांना हे अल्पायुष्य वरदानच ठरले. इंजिनात किंवा बर्नरमध्ये हायड्रॉक्सिल किती आहे, हे लेसरने मोजायचे असते. साध्या हवेच्या दाबाखाली उत्तेजित रेणूला काही नॅनोसेकंदांतच दुसरा रेणू धडकतो आणि त्याची ऊर्जा हिरावून घेतो. किती ऊर्जा हिरावली, हे जागोजागी बदलत असल्याने मोजमाप बिघडते. म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेणूला मुद्दाम तिसऱ्या कंपनपातळीवर पोहोचविण्याचे तंत्र पुढे आले. रेणू धडक बसण्यापूर्वीच संपतो. झळाळी अगदी मंद मिळते, पण टकरींचा तिच्यावर फारसा परिणाम नसल्याने ती भरवशाची असते.

अंधार हेच संरक्षण

आतापर्यंतच्या बहुतेक उदाहरणांत शास्त्रज्ञांची धडपड रेणूला रोखून उजेड मिळविण्याची होती. सजीवांच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाची आहे ती उजेड न देण्याची क्षमता. डीएनएचे चारही मूलघटक अतिनील प्रकाश उत्तम शोषतात. ओझोनचा थर सूर्याच्या घातक किरणांपैकी बराचसा भाग अडवितो, तरी काही किरण जमिनीपर्यंत पोहोचतातच. उत्तेजित अवस्थेतील रेणू रासायनिकदृष्ट्या चंचल असतो. तो जितका वेळ त्या अवस्थेत राहील, तितकी शेजाऱ्याशी नको ती जोडणी होण्याची शक्यता अधिक. डीएनएमध्ये अशी जोडणी म्हणजे जनुकीय मजकुरातील चूक, आणि त्वचेच्या कर्करोगाची ती सुरुवात ठरू शकते.

ओहायो राज्य विद्यापीठातील बर्न कोलर आणि सहकाऱ्यांनी २००० साली केलेल्या मोजमापांत डीएनएच्या सुट्या घटकांची उत्तेजित अवस्था एका पिकोसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी काळात संपत असल्याचे दिसून आले. प्रकाश शोषताच घटकाची सपाट कडी दुमडते, त्यातून मूळ अवस्थेकडे उतरण्याची घसरगुंडी तयार होते आणि ऊर्जा कंपनांत मिसळून भोवतालच्या पाण्याला दिली जाते. येथे सैल बोल्ट हा दोष नसून सुरक्षा झडप आहे.

ही झडप किती नाजूक आहे, हे अॅडेनिनच्या एका जुळ्या भावावरून कळते. अॅडेनिनमध्ये नायट्रोजनचा एक गट सहाव्या स्थानावर असतो. तोच गट दुसऱ्या स्थानावर हलविला, की २-अमिनोप्युरीन हा रेणू बनतो. अणू तेच, संख्याही तीच. पण पाण्यात त्याचे आयुर्मान दहा नॅनोसेकंदांच्या वर जाते, म्हणजे अॅडेनिनच्या दहा हजार पटींहून अधिक, आणि तो लख्ख झळाळतो. जीवसृष्टीच्या आरंभी अतिनील किरणांच्या माऱ्यात जे रेणू झटपट शांत होऊ शकले, तेच टिकले असावेत, असा तर्क शास्त्रज्ञ यावरून मांडतात.

हे संरक्षण परिपूर्ण मात्र नाही. डीएनएच्या धाग्यात घटक एकमेकांवर रचलेले असतात आणि तेथे काही उत्तेजित अवस्था अधिक काळ टिकतात, असे २००५ साली कोलर यांच्याच गटाने दाखविले. शिवाय दोन शेजारी थायमिन आधीच योग्य स्थितीत असतील, तर त्यांची घातक जोडणी सुमारे एका पिकोसेकंदातच होऊन जाते, हे २००७ साली स्पष्ट झाले. म्हणजे बचाव आणि हानी यांची शर्यत जवळजवळ बरोबरीच्या वेगाने चाललेली असते. बहुतेक वेळा बचाव जिंकतो. जेव्हा हरतो, तेव्हा पेशीतील दुरुस्तीची यंत्रणा कामाला लागते. भर उन्हात त्वचा झाकून घेण्याचा सल्ला या शर्यतीतील पराभवांची संख्या कमी ठेवण्यासाठीच असतो.

पाहण्याची क्रियाही अशाच एका पिळण्यावर उभी आहे. डोळ्याच्या पडद्यातील रेटिनल हा रेणू प्रकाश शोषताच एका ठरावीक बंधाभोवती पिळला जातो आणि मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची साखळी सुरू होते. हा पीळ २०० फेम्टोसेकंदांत पूर्ण होतो, असे १९९१ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील शास्त्रज्ञांनी मोजले. तेवढ्या वेळात प्रकाश केसाच्या जाडीएवढे अंतर कापतो. प्रथिनाने रेणूला असे काही धरलेले असते, की इतर हालचाली अडाव्यात आणि हवा तोच पीळ वेगाने बसावा. जेलीफिशच्या प्रथिनाने बोल्ट आवळला, डोळ्यातील प्रथिनाने तो नेमका हवा तिथे ढिला ठेवला.

एकूण, उत्तेजित रेणू किती काळ टिकेल, हे केवळ त्याच्या इलेक्ट्रॉनांवर ठरत नाही. त्याचे अणू किती जड आहेत, बंध किती ताठ आहेत, कोणता भाग पिळला जाऊ शकतो, भोवतालचे माध्यम त्याला हलायला किती वाव देते आणि तो किती वेगाने फिरत आहे, या सर्वांचा त्यात वाटा असतो. म्हणूनच आयुर्मानाचा एकच आकडा रेणूच्या परिसराविषयी बरेच काही सांगून जातो. पेशी मरत आहे काय, प्रथिन बिघडले आहे काय, औषधाची मात्रा बरोबर आहे काय, हे प्रश्न अशा रीतीने नॅनोसेकंदांच्या भाषेत विचारता येतात. नवे रंगद्रव्य घडविणाऱ्या रसायनतज्ज्ञालाही म्हणून आधी एक निर्णय घ्यावा लागतो. रेणूचा कोणता बोल्ट आवळायचा आणि कोणता सैल ठेवायचा?